सपाट भरलेली पळी

मी एक जुनी पळी आहे. स्वयंपाकघरातली नव्हे. मी बारूद मोजते. म्हणजे मोजत होते.

मित्रांनो, अशा कहाणीत आधी जन्म सांगतात, मग नोकरी, मग कौतुक, मग उपेक्षा. मीही तसंच सांगणार आहे. मध्येच अडखळले तर समजून घ्या. मला अजून भीती वाटते.

जन्म

आधी मी रायफलच्या काडतुसाची पितळी पुंगळी होते, एकदा उडालेली आणि रिकामी. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावर रेइनो कांगास नावाचा माणूस राहतो. त्याने आपल्या शेडमध्ये मला कानशीने घासून आखूड केलं. थोडं घासायचं, बारूद भरायची, शेजारच्या उर्होच्या तराजूवर तोलायची, पुन्हा घासायचं. वजन नेमकं जुळलं तेव्हा त्याने मला डाख देऊन तांब्याच्या तारेचा दांडा बसवला.

एक गोष्ट नीट ऐका. मला वजन कळत नाही. माझ्या पोटात किती जागा आहे, एवढंच मला कळतं. त्या एका जातीच्या बारुदीने ती जागा भरली की वजन बरोबर येई. रेइनोला हे पाठ होतं. म्हणून त्याने माझ्यावर काहीच लिहिलं नाही.

नोकरी

शिकारीचे तीस मोसम. मला डब्यात बुडवायचं, पत्त्याच्या पानाने माथा सपाट करायचा, पुंगळीत ओतायचं, वर गोळी दाबून बसवायची. झालं काडतूस. तीस वर्षांत एकही वाकडं गेलं नाही.

कौतुक

उर्हो कॉफी प्यायला यायचा आणि चिडवायचा.

"काय रे, काडतुसं भरतोयस की कपात साखर घालतोयस?"

"तूच जरा साखर वाढव. गेल्या वर्षी तुझं हरण शेपूट हलवत निघून गेलं."

"ते ओळखीचं होतं, म्हणून सोडलं. बरं, हा माझा जुना तराजू तुला ठेव. मी बॅटरीवरचा घेतलाय."

"ठेव वर फळीवर. धूळ तोलत बसेल."

दोघे हसले. मीसुद्धा फुशारले. आता त्याची लाज वाटते.

उपेक्षा

हा भाग मला सांगताच येत नाही. माझी उपेक्षा झालीच नाही. व्हायला हवी होती.

मग एका उन्हाळ्यात रेइनोला अर्धांगवायूचा झटका आला. तो सावरला, पण उजव्या हाताची थरथर राहिली ती राहिलीच. हरणांचा मोसम दोन दिवसांवर आला तेव्हा काडतुसं भरायला त्याची मुलगी आयली आली. गावात तिची बेकरी आहे. आणि नेमका जुना डबा संपला होता. ती जात आता बनत नाही म्हणून दुकानदाराने दुसरी दिली.

आयलीने डबा उघडला. ही बारूद बारीक होती, रव्यासारखी.

"बाबा, ही वेगळी दिसतेय. तोलून बघू या का? तो तराजू आहे ना वर."

"अगं, तीस वर्षं पळी चाललीये. तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे तिला."

"म्हणून तर ती लग्न न करता राहिली."

"भर गं मुकाट्याने."

तिने मला बुडवलं.

मी भरले आणि मला कळलं. नाही, वजन मला कळत नाही, मघाशी सांगितलं ना. पण माझा दांडा वाकला. किंचित. तीस वर्षांत तो कधी वाकला नव्हता. जिथे पूर्वी दाण्यांमध्ये हवा असायची तिथेही आता बारूद होती.

मला ओरडायचं होतं. पत्त्याचं पान माझ्या तोंडावरून फिरलं. सपाट.

एक. दोन. तीन. चार.

"चार पुरेत," रेइनो म्हणाला. "नेम तपासून येतो." चार काडतुसं कोटाच्या खिशात टाकून, रायफल घेऊन तो मागच्या खडीच्या खाणीकडे गेला. बर्फावर त्याच्या बुटांचा आवाज लांब लांब जात राहिला.

आयलीने पाचव्यांदा मला भरलं आणि ती थांबली. मला हातात वर-खाली करून पाहिलं. बेकरीत तिच्या हातून रोज पन्नास वेळा पीठ तोललं जातं. स्वतःशीच म्हणाली, "वाटीभर मैदा आणि वाटीभर मीठ…"

तिने स्टूल ओढलं. तराजू खाली काढला, फुंकर मारली. नव्या डब्यासोबत आलेल्या कागदावरचा आकडा लावला. मला पारड्यात ओतलं.

काटा उडाला आणि वर जाऊन खट्‌कन अडकला.

"बाबा!"

ती कोट न घालताच धावली. दार उघडंच राहिलं. मी बाकावर, तोंड दाराकडे करून.

तेवढ्यात आवाज झाला. नेहमीचा नव्हे. तुटका, कडक.

मग काही नाही.

मग ठक. ठक. ठक. लाकडाचा आवाज. मित्रांनो, मला तो आवाज ओळखू आला आणि माझं पितळ गार पडलं. रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा अडसर, अडकला होता आणि तो हट्टी म्हातारा ओंडक्याने ठोकून तो उघडत होता. दुसरं काडतूस घालायला. पहिल्यानेच रायफल दुखावली होती. दुसऱ्याने ती त्याच्या तोंडाशी फुटली असती.

ठक. ठक.

ठोकणं थांबलं. म्हणजे उघडला. म्हणजे आता…

मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. वारा आत आला, डब्यावरचा कागद फडफडला. मी वाट पाहिली. याहून वेगळं मला काही करता येत नव्हतं.

खूप वेळाने दोघे आले. रेइनोचा गाल काळा झाला होता, चष्म्याची एक काच तडकली होती. आयलीच्या मुठीत तीन काडतुसं होती. ती रडत होती आणि शिव्याही देत होती.

"चष्मा नसता तर? बोला ना! नसता तर?"

"नसता तर एका डोळ्याने तुझा आरडाओरडा बघितला असता." मग तो हळू बोलला. "माझी चूक. तू विचारलं होतंस."

त्याने मला बाकावरून उचललं.

"हिला भोक पाड, आयली. तळाला."

"बाबा, तुमच्या हातची आहे. राहू दे ना खुंटीला."

"म्हणूनच. मी गेल्यावर तू हिला प्रेमाने उचलशील, आणि…"

तिने ड्रिल लावलं. दुखलं. पण त्या दिवशी सकाळपासून पहिल्यांदा माझी भीती थोडी उतरली.

आता मी खुंटीवर आहे. खाली तो थरथरत्या हाताने चिमटीतून पारड्यात दाणे टाकतो आणि ती म्हणते, "दोन काढा, बाबा." तो कुरकुरतो आणि दोन काढतो.

मित्रांनो, थोरांच्या हातचं एखादं माप तुमच्याकडे आलं तर त्याला जरूर जपा. पण वापरण्याआधी विचारा, हे कशासाठी घासलं होतं? आणि आत भरायचं ते बदललं असेल तर तोलून बघा. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही नुसते भरतो, आणि चूक असली तरी तितकेच छान सपाट दिसतो.