फौजेतलं पत्र

"फुटक्या जात्याचा खुंटा, बैलाची घुंगरमाळ, धान्य मापायची पितळी अधोली..." सरपंच आबासाहेबांनी कागद खाली ठेवला. "किरपादान, डोकं ठिकानावर हाय का तुझं? असल्या दुष्काळात गावाला शोधाशोधीचा खेळ खेळाय लावतोस?"

"व्हय आबासाहेब," पोस्टमन कृपादान म्हणाला. "वर्गनी मागितली की लोक दार लोटून घेत्यात. खेळ म्हनलं की भाईर येतील."

हा खेळ त्याने लहानपणी नगरच्या मिशन बोर्डिंगात पाहिला होता. चौघांची एक टोळी. यादीतल्या दहा वस्तू गावातून मागून आणायच्या. प्रत्येक टोळीने एक रुपया भरायचा, आणि आणलेल्या प्रत्येक वस्तूमागे पेठेतल्या दुकानदारांनी चार आणे घालायचे.

पैसे जाणार होते पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर. तिथे बाया मातीच्या टोपल्या वाहत आणि त्यांची तान्ही पोरं बाभळीच्या विरळ सावलीत पडून असत. आदल्या आठवड्यात त्यांतलं एक उन्हाने गेलं. मनीऑर्डर वाटायला कृपादान नेमका तेव्हाच तिथे पोचला होता. आईने पोर पदरात गुंडाळलं, तरी तिचा हात त्याच्यावरच्या माश्या वारत होता. तेव्हापासून कृपादानाला अन्न गोड लागत नव्हतं. पत्र्याचं छप्पर आणि दूध, एवढंच त्याला हवं होतं.

"कर बाबा," आबासाहेब म्हणाले. "पन काय वांदा झाला तर निस्तरायचं तू."

काष्टी गावात कुणाच्या घरात काय आहे हे कृपादानाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सोळा वर्षं तो पत्रं वाटत होता आणि निम्म्या गावाला वाचूनही दाखवत होता. यादी त्याने मुद्दाम अशी केली होती की आपल्याच आळीत बसून ती कुणाला पुरी करता येऊ नये. घुंगरमाळ वरच्या आळीला, तर खुंटा चर्चमागच्या वस्तीत. दहावी वस्तू होती फौजेतून आलेलं पत्र. आबासाहेबांच्या आजोबांनी पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून पाठवलेलं पत्र त्यांच्या घरी जपून ठेवलेलं होतं. तेच त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

शनिवारी, बाजाराच्या दिवशी, एकवीस टोळ्या उतरल्या. कित्येक महिन्यांनी गावात हसणं ऐकू आलं. ज्या पायऱ्या कधी चढले नव्हते त्या लोक चढत होते आणि "आमाला तुमची अधोली द्या की" म्हणत होते. मच्छिंद्र वाण्याने तर दुकान उघडं टाकून टोळी धरली. चावडीसमोरच्या टेबलावर आबासाहेब एकेक वस्तू तपासून खूण करत होते. कृपादान घामाघूम झाला होता, पण चेहरा उजळला होता.

तेवढ्यात त्याच्याच टोळीतली शिंप्याची विजयमाला धावत आली. "धावी वस्तू घावली! गोजरबाई देत्यात!"

गोजरबाईंचा मुलगा गोरक्ष सव्वा वर्षापूर्वी सीमेवर पडला होता. तो गेल्याची तार कृपादानानेच त्यांच्या हातात दिली होती. त्या दिवसापासून तो लांबचा फेरा घेऊन जाई, पण त्यांच्या दारावरून जात नसे. यादी करतानाही ते घर त्याने मनातून वगळलं होतं.

गोजरबाई मागून सावकाश आल्या. लिफाफा त्यांनी छातीशी धरला होता. गर्दी आपोआप बाजूला झाली.

कृपादान पुढे झाला. "मावशी, चुकलं माझं. तुमच्या दारी कुनी जाईल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. चला, मी घरी सोडतो."

"का रं? माझ्या गोरखचं पत्र फौजेतलं न्हाई व्हय?"

"हाय, मावशी."

"मग धर की."

त्यांनी लिफाफा टेबलावर ठेवला, पण त्यावरचं बोट उचललं नाही. आबासाहेबांनी आतला कागद काढायला हात पुढे केला.

"वाचू नगा," गोजरबाई म्हणाल्या. "नुसतं मोजा."

आबासाहेब उभे राहिले. यादीवर खूण करताना त्यांची पेन्सिल मोडली. त्यांनी खिशातून दुसरी काढली आणि खूण केली.

लिफाफा पुन्हा पदराआड ठेवून गोजरबाईंनी विचारलं, "छप्पर झाल्यावर तिथं पोरं संभाळनार कोन?"

"आजून कुनी ठरलं न्हाई, मावशी."

"सोमवारपासनं येते मी."

बक्षिसाचा नारळ मच्छिंद्र वाण्याच्या टोळीने जिंकला आणि तिथेच फोडून सगळ्यांना वाटला. जमलेल्या पैशांत पत्रे आले आणि दोन महिन्यांची दुधाची भुकटीही. लाकडं आबासाहेबांनी आपल्या मळ्यातून धाडली.

पुढच्या पंधरवड्यात कृपादान टपाल घेऊन तलावावर गेला, तेव्हा ऊन भाजत होतं. छपराखाली नऊ पोरं होती. आठ झोपली होती. नववं गोजरबाईंच्या मांडीवर होतं आणि त्याचा डोळा नुकता लागत होता. कृपादानाने हाक मारायला तोंड उघडलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि थोडं सरकून सावलीत त्याच्यापुरती जागा केली.

त्याने टोपी काढली आणि चपलांचा आवाज न करता तिथे बसला.