श्वासाच्या खुणा

"अंकल, ॲपने हे सगळे शाईचे डाग समजून पुसून टाकलेत," एलिसा म्हणाली आणि तिने टॅबलेट ॲन्सेल्मपुढे सरकवला.

चर्चच्या गायनवृंदाची गाणी ॲन्सेल्म एकेचाळीस वर्षं पाच रेघांच्या वह्यांत हाताने उतरवत आला होता. दिवसा पोस्टातली नोकरी, संध्याकाळी वही आणि बारीक निबाचं पेन. आता वृंद एलिसाकडे होता. तिने वह्यांचे फोटो काढले आणि ॲपने तासाभरात त्यांची सुबक पानं केली. सूर एकही चुकला नव्हता. फक्त रेघांवरच्या, स्वल्पविरामासारख्या बारीक खुणा नव्हत्या.

"डाग नाहीत ते. श्वास आहेत. तिथं थांबून श्वास घ्यायचा."

"माहितीये हो. पण इतके? सणाला बाराच दिवस राहिलेत. तुम्हीच टाका ना परत, मी शिकवते."

"या वयात?"

"बोट टेकवायचं फक्त. पेन धरणाऱ्याला काय अवघड!"

पहिल्या दिवशी खुणा भलत्याच ओळींवर जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी बोट स्थिरावलं.

दुपारी चर्च रिकामं असे. वृंद गातो त्या माळ्यावर बसून तो एकेक खूण टेकवी आणि कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिल्यासारखं वाटे. हा कॉन्रॅड. पाचूबंदरला सकाळभर मासळीच्या लिलावात ओरडायचा आणि सरावाला दुसऱ्या ओळीतच दमायचा. "फुप्फुसात पानी भरलं क काय माज्या!" म्हणून सगळ्यांना हसवायचा. ही मटिल्डा. तिला दमा, म्हणून लांब ओळीत दोन खुणा. दोघंही आता चर्चमागच्या दफनभूमीत होते. पण खूण उमटली की माळ्यावरची हवा जराशी हलायची. पाचव्या दिवशी तर सगळी बाकं भरली आहेत आणि सगळे एकदम श्वास घेताहेत, असा त्याला भास झाला.

सणाच्या गाण्याच्या ध्रुवपदाशी एलिसा अडली. 'ये करुणासागरा, किनारी आमच्या.'

"ही खूण शब्दाच्या मध्येच आहे, अंकल. करुणा एकीकडे, सागर दुसरीकडे. पोरी हसतात. काढू?"

"उद्या सांगतो."

सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, लूर्डसला, सातवा महिना होता. ती आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात, पुढे उभी राहून गायची, पण त्या शब्दाला तिचा श्वास पुरेना. यंदा खाली बसा, असं तिला सांगण्यात आलं. ॲन्सेल्मने तिथल्या तिथे पेन काढून आल्टोच्या सगळ्या वह्यांत ती खूण केली. सणाला आठही बायका तिच्याबरोबर थांबल्या. जॉयल झाला, मोठा झाला, कॅनडाला गेला. खूण राहिली. का, ते कोणी विचारलं नाही.

लूर्डस घरी वालाच्या शेंगा सोलत होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचं माळ्यावर चढणं बंद झालं होतं.

"करुणासागरा म्हणताना तू मध्ये थांबायचीस. आठवतं?"

"मी? छे. तुमच्याच लक्षात असलं काहीबाही. फोन चार्जिंगला लावा, जॉयल करेल आता."

दुसऱ्या दिवशी त्याने एलिसाला सांगितलं, "चूकच आहे ती. आता कोणाला लागत नाही." बोट त्यानेच टेकवलं. खूण गेली. वहीत खरवडल्यावर कागद निदान खडबडीत राहायचा. इथे तेही नव्हतं.

सणाच्या मिस्साला दोघं खालच्या बाकावर बसले. माळ्यावरून आवाज उतरू लागले, स्वच्छ, तरुण. कॉन्रॅडच्या जागी पोरं थांबली, मटिल्डाच्या जागी पोरी थांबल्या. मग 'करुणासागरा' आलं, एका श्वासात, अखंड. सुंदरच होतं.

शेजारी लूर्डस ओठांतल्या ओठांत गात होती. 'करुणा' म्हणून ती थांबली. खांदे किंचित वर गेले, छाती भरली. तिने 'सागरा' म्हटलं, तोवर गाणं किनाऱ्याला लागलं होतं.

"धावतात मेल्या," ती पुटपुटली.

कडवं संपलं, ध्रुवपद पुन्हा आलं. या वेळी ॲन्सेल्म तिच्याबरोबर थांबला.