पालकांना विचारा

लिफ्टच्या पोलादी दोराची एक तार जरी तुटलेली दिसली, तरी हा माणूस सही करायचा नाही. मग इमारतीचा मालक हातापाया पडो, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या आजीबाई जिन्यात बसून शिव्यांची लाखोली वाहोत. "आधी दोर बदला, मग बघू," एवढं बोलून तो बॅग उचलायचा. सगळे त्याला तपासनीस म्हणायचे, आणि लाडात आली की बायकोही तेच म्हणायची. पण गंमत बघा. बाहेर डोळ्यांत तेल घालून फिरणारा हाच गडी घरी आला, फोन हातात घेतला, की एक ओळ वाचेल तर शपथ! बटण दिसलं की दाब. समोर काही आलं की 'हो', नाहीतर 'नंतर', नाहीतर 'नको'.

शब्दकोड्यांच्या अ‍ॅपचंही तसंच झालं. नवराबायको दोघांनाही कोड्यांचा भारी नाद. तपासनीसाने वर्षाची वर्गणी भरून अ‍ॅप घेतलं, तेव्हा बायकोचाही नवा फोन आलेला, आणि तिलाही ते हवं होतं. एकाने विकत घेतलेलं घरातल्या सगळ्यांना वापरता येतं, फक्त एका कुटुंबाच्या गटात जोडून घ्यायचं, असं त्याच्या कानावर आलं होतं. आता मोठ्या माणसाला गटात घ्यायचं, तर त्या माणसाने स्वतः पासवर्ड घालायचा, स्वतः 'मान्य आहे' म्हणायचं. बायको कामावर. ती संध्याकाळी येईपर्यंत थांबेल तो तपासनीस कसला! खालीच दुसरी वाट दिसली, 'लहान मुलाचं खातं उघडा'. तिथे कुणाची वाट बघायला नको, सगळं पालकानेच भरायचं. बायकोचं खरं जन्मसाल घातलं तर फोन ऐकेना. मग ह्याने साल पुढे पुढे सरकवलं, फोन मुकाट्याने घेईपर्यंत. बायको सात वर्षांची झाली आणि गटात दाखल झाली.

"काम फत्ते!" संध्याकाळी त्याने फोन तिच्या हातात ठेवला.

तिने बघितलं आणि ती पोट धरून हसली. "अहो, हे काय, मला तर तुमची मुलगी केलीत!"

"नुसतं नावाला गं. नंतर बदलू."

ते 'नंतर' काही उगवलं नाही. कोडी मात्र दोघांच्या फोनवर आली. रात्रीच्या जेवणाआधी दोघं शेजारी बसून एकच कोडं वेगवेगळं सोडवायची, आणि ती नेहमी आधी संपवायची. ते दिवस चांगले होते, उगाच नाही कशाला म्हणायचं?

पण मुलाचं खातं म्हटल्यावर त्याचे नियमही मुलाचेच. तिला फुकटचं एखादं अ‍ॅप घ्यायचं असलं तरी आधी ह्याच्या फोनवर विचारणा यायची, 'तुमच्या पाल्याला हे हवं आहे, परवानगी द्याल?' दर रविवारी अहवाल यायचा. पाल्याने आठवड्यात किती वेळ फोन पाहिला, कशावर पाहिला, कुठल्या वेळी पाहिला. ह्याला त्याची कोण मजा वाटायची! पाहुणे आले की हा मोठ्याने वाचून दाखवायचा. "ऐका हो, आमच्या पाल्याने ह्या आठवड्यात स्वेटरच्या विणींचे व्हिडिओ बघून बघून डोळ्यांचं वाटोळं केलंय." पाहुणे हसायचे. तीही हसायची, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा. पुढे पुढे पाहुण्यांना पाणी आणायला म्हणून आत जायला लागली. हे त्याला दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण त्याने कानाडोळा केला.

ती दात बनवायची. म्हणजे दवाखान्यांतून आलेल्या प्लास्टरच्या साच्यावर मेणाचे दात कोरायची, मग त्यावरून पक्के दात ओतले जायचे. स्पिरिटचा बारका दिवा, त्यावर तापवलेली चपटी सुरी, आणि समोर कुणाचा तरी अर्धा जबडा. दाढेवरच्या खाचा कोरताना ती श्वास रोखून धरायची. रस्त्याने चालतानाही लोकांच्या तोंडाकडे बघायची सवय तिला लागली होती. "तो बघा, वरचा डावा खोटा आहे, आणि ज्याने केलाय त्याला झोप आली होती," असं ती हळूच म्हणायची आणि तपासनीस खुसखुसायचा.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. तपासनीस लिफ्टच्या डब्यावर उभा होता, काळोख्या शाफ्टमध्ये, एका हातात बॅटरी, दुसरा हात ग्रीसने बरबटलेला. खिशात फोन थरथरला. 'तुमच्या पाल्याला एक अ‍ॅप हवं आहे.' खाली त्या अ‍ॅपचं नावही होतं. ह्याने ते वाचलं नाही. करंगळीने 'नको' दाबलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. पुन्हा 'नको'. तिसऱ्यांदा आलं तेव्हा तर त्याच्या तोंडून कचकचीत शिवी गेली.

 त्या संध्याकाळी जेवताना बायको त्याच्याकडे बघत होती, तो काही बोलतोय का म्हणून. शेवटी तिनेच विचारलं, "तुम्ही नको म्हणालात?"

"म्हणालो," घास तोंडात ठेवत तो म्हणाला, "या वयात कशाला नवी नवी खुळं?"

ती "बरं" म्हणाली आणि ताट उचलून गेली. विषय संपला, असं त्याला वाटलं. त्यानंतर तिच्या फोनवरून विचारणा म्हणून आली नाही. तपासनीसाला बरंच वाटलं, कटकट गेली. त्या 'नको'ने बायकोच्या हातचं काम गेलं, आणि हे त्याच्या गावीही नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी ती कामावरून आली ती हत्यारं फडक्यात गुंडाळूनच. सुऱ्या, दिवा, मेणाच्या उरलेल्या कांड्या. "मेणाचं टेबल बंद केलं त्यांनी," एवढंच म्हणाली. तपासनीसाने मोठ्या मनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सुटलीस बघ. आता आराम कर." खरं तर त्याला आतून थोडं बरंही वाटलं होतं, घरी गेल्यावर कुणीतरी असेल म्हणून. ती आराम करत नव्हती. खिडकीत बसून उरलेल्या मेणाचे दात कोरत होती, कुणाचेच नसलेले. खिडकीच्या कठड्यावर त्यांची रांग वाढत चालली होती.

आणि मग तो मंगळवार. त्याला तपासायला मिळाली नेमकी तीच इमारत, जिच्या तिसऱ्या मजल्यावर तिची दातांची लॅब होती. लिफ्ट बंद ठेवून तो दोर बघत होता, तेवढ्यात जिन्यावरून एक चष्मेवाली मुलगी उतरली आणि थबकली. बायकोच्या शेजारच्या टेबलावर बसायची ती.

"अय्या, काका तुम्ही! काकू कशा आहेत? आम्हाला फार आठवण येते हो."

"मजेत आहे. मेणाचं काम बंद केलंत ना तुम्ही लोकांनी."

"मेणाचं बंद झालं, पण माणसं कुणाचीच कमी केली नाहीत," चष्मेवाली म्हणाली. "सगळ्यांना कॉम्प्युटरवर दात घडवायला शिकवलं. काकू नाहीच म्हणाल्या. सगळ्यांत सुंदर दाढ त्यांची, आणि त्याच नाही म्हणाल्या! मालकांनी दोनदा विचारलं."

तपासनीसाने हातातली बॅटरी विझवली. "नाही म्हणाली?"

"पहिल्या दिवशी आल्या होत्या की वर्गात. शिकायचं अ‍ॅप ज्याने त्याने आपापल्या फोनवर घ्यायचं होतं. आमचं सगळ्यांचं झालं, आणि काकूंच्या फोनवर आलं, 'पालकांना विचारा'." तिला आताही हसू फुटलं. "काय हसलो आम्ही! काकूही हसल्या. त्यांनी तीनदा विचारून बघितलं, तीनदा नकार. मग आम्ही त्यांना 'छोटी' म्हणायला लागलो. दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गात बसल्याच नाहीत. म्हणाल्या, मला नाही जमायचं या वयात."

 या वयात. ते शब्द तिचे नव्हतेच. त्याने तोंडात घास असताना फेकलेले शब्द होते ते, आणि ती ते उचलून घेऊन गेली होती.

लिफ्ट अर्धवट सोडून तो पायरीवर बसला आणि फोन कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे कुणी गोड आवाजाचा माणूस होता.

"मला एक खातं मुलाचं आहे ते मोठ्याचं करायचंय."

"जरूर. पाल्याचं वय?"

"पाल्य नाही हो, बायको आहे माझी."

 पलीकडे खोकला. "सर, नोंदीप्रमाणे त्या अकरा वर्षांच्या आहेत."

"ते मी घातलंय. चुकून." जीभ अडखळली. "चुकून म्हणजे, घाईत."

"मुलाचं खातं गटातून काढता येत नाही, सर. दुसऱ्या कुटुंबात हलवता येतं, नाहीतर त्या मोठ्या होईपर्यंत थांबावं लागेल." माणूस भला होता, पुढेही बोलला. "तुम्ही त्यांना मोठं माणूस म्हणून जोडलं असतंत, तर तुम्ही घेतलेली अ‍ॅप त्यांना मिळालीच असती. आणि त्यांचे फोटो, निरोप, त्या काय बघतात, काय घेतात, ते सगळं त्यांचं त्यांच्याकडे राहिलं असतं. एक संध्याकाळ थांबायला हवं होतं, बस्स."

एक संध्याकाळ. तपासनीसाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी आला तेव्हा ती खिडकीतच होती, हातात मेणाचा सुळा. तो बूट न काढताच तिच्यासमोर बसला.

"चष्मेवाली भेटली होती."

तिची सुरी थांबली.

"ते अ‍ॅप," तो म्हणाला, "ते तुमच्या वर्गाचं होतं हे मला माहीत नव्हतं गं. देवाशप्पथ. मी वाचलंच नव्हतं. लिफ्टवर होतो, हात बरबटलेले, कायतरी आलंय म्हणून नको दाबलं."

त्याला वाटलं होतं, हे ऐकून तिचं मन जरा हलकं होईल. नवरा दुष्ट नव्हता, नुसता घाईत होता. पण तिचा चेहरा उतरत गेला.

"वाचलंच नव्हतंत?"

"नाही ना!"

"मला वाटलं, वाचलंत," ती सावकाश म्हणाली. "वाटलं, नाव बघितलंत, विचार केलात, हिला पोरांमध्ये बसून जमणार नाही, तोंडघशी पडेल, म्हणून नको म्हणालात. राग आला होता मला. पण मग मीच माझी समजूत घातली, की चुकीचा असेना का, माणसाने माझा विचार तरी केला. त्याच्यावर मी इतके दिवस काढले हो. आणि तुम्ही वाचलंसुद्धा नव्हतं."

"मग तेव्हाच सांगायचंस ना मला! भांडायचंस!"

"काय सांगू? बाबा, मला शाळेत जाऊ द्या?"

तपासनीसाने खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. 

मग तो म्हणाला, "आपण नवं खातं काढू. तुझं तुझं. खऱ्या जन्मसालाचं."

"काढलंय," ती म्हणाली. तिने कपाट उघडून दुसरा फोन बाहेर काढला. "शेवटच्या पगारातून घेतला. तो जुना नुसता कोड्यांपुरता ठेवलाय, तुमच्याबरोबर बसता यावं म्हणून. ते दातांचं अ‍ॅपही घेतलं ह्यावर. पण तो वर्ग, ते शिकवणारे, ते आता कुठून घेऊ?"

त्याने तिच्या नव्या खात्याचा पत्ता मागितला. तिने दिला. मग त्याने चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा फोनवरची एकूण एक ओळ वाचत, बोट ठेवून, तिला गटाचं निमंत्रण पाठवलं. मोठं माणूस म्हणून. तिच्या हातातला फोन वाजला.

तिनेही चष्मा लावला. ती वाचायला लागली. वरपासून खालपर्यंत, नियमांसकट, घाई न करता, दाढेच्या खाचा बघायची तशी. तपासनीस श्वास रोखून बसला होता. "बघ," न राहवून तो म्हणाला, "घेतलेली अ‍ॅप दोघांची, बाकी तुझं सगळं तुझ्याकडे. मला काही दिसणार नाही. लिहिलंय तिथं."

"वाचलं मी," ती म्हणाली, आणि तिने 'नको' दाबलं.

"अगं!"

"मी वाचून नको म्हटलंय. एवढं लक्षात ठेवा." तिने फोन कपाटात ठेवला. "हात धुऊन या, जेवायला वाढते."

त्या दिवसापासून ती कोड्यांना बसली नाही. जुना फोन खिडकीत पडून राहिला, मेणाच्या दातांशेजारी. तपासनीस एकटाच कोडं उघडायचा, आणि दोन आडवे शब्द सुटले की तिसऱ्यासाठी सवयीने बाजूला बघायचा.

रविवारी अहवाल आला. ते खातं काढून टाकायची सोय नाही हे त्याला आता ठाऊक होतं. पाल्य मोठं होईपर्यंत अहवाल दर रविवारी येणारच होता. त्याने चष्मा लावला आणि तो वाचला. या आठवड्यात तुमच्या पाल्याने फोन वापरला नाही. कोणतीही परवानगी मागितलेली नाही. त्याने तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि ती कुणाशी तरी फोनवर हसून बोलत होती.