लुगड्यांच्या कप्प्यातला चहा

जुहूच्या त्या हॉटेलात चंद्रप्रकाशने रोशनीने आणलेल्या चहाचा पहिला घोट घेतला, कपाळाला आठी घातली आणि तिला विचारलं, राहता कुठे? ती म्हणाली, मढला, कोळीवाड्यात. त्याने कप खाली ठेवला.

"तरीच," तो म्हणाला. "मासळीचा वास येतोय."

क्रम नीट बघा. आठी आधी आली, मग पत्ता विचारला गेला, आणि वासाला नाव मिळालं ते पत्ता कळल्यावर.

चंद्रप्रकाश त्या हॉटेलच्या टी लाउंजची खरेदी बघायचा. त्याने हो म्हटलं असतं तर रोशनीचा स्वतःचा धंदा उभा राहणार होता. भांडायला ती कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण त्या क्षणी तिला शंका आली. वास खरंच येत असेल तर? जन्मापासून सुक्या बोंबलात वाढलेल्या नाकाला तो कळणार कसा? आणि चहा विकणाऱ्या बाईचं नाकच फुकट गेलं, तर तिच्याकडे उरतं काय? तिने आपला गायवान, म्हणजे झाकणाचा चिनी कप, पुसून पिशवीत घातला आणि निघाली.

हे नाक तिने कमावलेलं होतं. अंधेरीच्या एका टी रूममध्ये ट्रे उचलायला लागली, आणि गिऱ्हाईक नसलं की एकेक डबा उघडून हुंगत बसायची. पांढरा चहा तिला सगळ्यात आधी समजला. कोवळ्या कळ्या खुडायच्या, मलूल होऊ द्यायच्या, वाळवायच्या. संपलं. भाजायचं नाही, वळायचं नाही. तिची आई सखुबाई वलांडीवर, बांबूच्या आडव्या दांड्यांवर, बोंबील वाळवते तसंच. वाऱ्याला त्याचा वेळ द्यायचा. घाई केली की माल गेला. टी रूम बंद पडली तेव्हा बाकीचे दुसरीकडे नोकऱ्या शोधायला गेले. हिने ठरवलं, आता चहा आपणच विकायचा, आणि विकायचा तर हाच.

मरोळच्या आयातदाराने तीन नमुने पुढे टाकले. पहिल्याला मोगऱ्याचा वास. तो वरून चढवलेला, म्हणून तिने बाजूला सारला. दुसऱ्याच्या कळ्या गुबगुबीत, दिसायला झकास, पण तो माल युन्नानचा होता आणि भाव महागड्या फुदिंगचा लावला होता. तिने विचारलं तर तो म्हणाला, मॅडम, चायना म्हणजे चायना. ती म्हणाली, मग बोंबील म्हणजे वाकटी असं समजून मी तुम्हाला विकू का? तिसरा नमुना त्याने आतून आणला. फुजियान प्रांतातल्या फुदिंगचा, त्याच वर्षीच्या वसंतातला पहिला खुडा. सुईसारख्या कळ्या, अंगावर पांढरी लव. गरम पाण्यात पडल्या की उभ्या राहायच्या, आणि पाण्याला जेमतेम पिवळी झाक यायची. साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं तिने त्यात घातलं.

हा चहा आजूबाजूचा वास ओढून घेतो, हे तिला पाठ होतं. म्हणून घरी तिने अशी काळजी घेतली की सखुबाई हसली. स्वयंपाकघरात नाही, पडवीत नाही. तिने कागदी पुड्या बांधल्या आणि लोखंडी कपाटात, आईच्या लग्नाकार्याच्या लुगड्यांच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं. मासळी आणि चहा यांच्यात लोखंडाची भिंत.

जुहूहून परत येऊन तिने सगळं सांगितलं तेव्हा सखुबाईने एक पुडी हुंगली.

"मला कसा नाय येत वास?"

"आपल्याला नाहीच येणार गं आई. तीच तर गोची आहे."

सखुबाईने पुडी ठेवली आणि शांतपणे म्हणाली, ज्याला वास येतो त्यालाच जाऊन विचार मग.

म्हातारी बरोबर बोलली. आपल्यातल्या कुणाला विचारून उपयोग नव्हता. मैत्रिणींना विचारलं असतं तर त्या मनं राखत बसल्या असत्या. रोशनीला असं नाक हवं होतं, जे मासळीवर दया करणार नाही. तिला जयंतीबेन आठवल्या. टी रूमचे हिशेब बघणाऱ्या हर्षदची ही आई, घाटकोपरची. घरात कांदा येत नाही. पलीकडच्या इमारतीत कोलंबी तव्यावर पडली तरी या खिडक्या लावून घेतात, आणि मासे खाणारा भाडेकरू नको म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला हात यांचा. हर्षदनेच हे हसत सांगितलं होतं. रोशनी तेव्हा हसली नव्हती.

मढच्या जेटीवरून वर्सोवा, तिथून मेट्रोने घाटकोपर. अत्तर लावलं नाही, साडी बदलली नाही. दारात उभं राहून तिने सांगून टाकलं.

"मी कोळीण आहे, मावशी. या चहाला मासळीचा वास येतो का ते सांगा. येत असेल तर तोंडावर सांगा."

जयंतीबेननी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, आव. चप्पल बाहेर.

रोशनीने पाणी उकळलं आणि तसंच राहू दिलं. उसळी बसली, वाफ मंदावली, तेव्हा कळ्यांवर ओतलं. उकळतं पाणी या चहाला पोळतं. दूध कुठे आहे, जयंतीबेननी विचारलं. दूध नाही म्हटल्यावर त्यांनी बाजूला बसलेल्या हर्षदकडे असं पाहिलं की जणू त्यानेच नासवलं. मग कप नाकाशी नेला. एकदा. परत एकदा.

"मासळी नथी," त्या म्हणाल्या. "आ तो डामरनी गोळी छे. कपाटात ठेवला होतास काय?"

रोशनीने कप ओढून घेतला. हुंगल्याबरोबर कळलं. डांबराच्या गोळ्या. लुगड्यांच्या घडीघडीत सखुबाईने खुपसलेल्या. तो थंड, टोचरा वास तिला सुरुवातीपासून येत होता. तिला तो चहाचाच वाटला होता. कपाट उघडलं की येणारा, नव्या कपड्यांचा, लग्नाला जायचा वास. आयुष्यभर जो वास ती स्वच्छ समजत आली, त्यानेच तिचा माल खाल्ला.

घाटकोपरच्या जिन्यात बसून ती रडली वगैरे नाही. संताप आला, आणि तो सगळा चंद्रप्रकाशवर काढता येईना. मासळीची एवढी लाज तिच्या डोक्यात कुणी भरली? शाळेत नाक दाबणाऱ्या पोरींनी, घर नाकारणाऱ्या दलालांनी; पण कुलूप तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं. मासळीपासून पळवता पळवता तिने चहा डांबरात नेऊन घातला.

पुड्या उघडून वाऱ्यावर ठेवून पाहिल्या. वास हटला नाही. मरोळच्या आयातदाराकडे त्याच खुड्यातला थोडा माल शिल्लक होता; त्याच्याशी तासभर वाद घालून तिने तो शब्दावर उचलला. या वेळी जाड फॉइलच्या पाकिटांत घातला, तोंडं चिकटवली, पाकिटं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, आणि डबा ठेवला स्वयंपाकघरातल्या फळीवर. भिंतीपलीकडे सखुबाईचे बोंबील. आठवड्याने पाकीट फोडून परत घाटकोपर. जयंतीबेन पूर्ण कप प्यायल्या आणि त्यांनी त्याच कळ्यांवर आणखी पाणी घालायला सांगितलं.

मग ती जुहूला गेली. चंद्रप्रकाश म्हणाला, आपलं बोलणं झालंय ना मॅडम? ती म्हणाली, अर्धंच झालंय, आणि बसली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिने छोटा डबा ठेवून झाकण काढलं. आत एक सुका बोंबील. दोन टेबलं पलीकडचा वेटर वळून बघायला लागला.

"सर, हा मासळीचा वास. नीट घ्या."

त्याने मान मागे घेतली. तिने जुनी पुडी सरकवली.

"ही मागची. यात डांबराच्या गोळीचा वास आहे. ती माझी चूक, माल मी फुकट घालवला. आता हा नवीन. पिऊन सांगा वास कसला येतो. आणि मी अजून मढलाच राहते, तेही लक्षात ठेवून सांगा."

तिने पाणी निवू दिलं, ओतलं, झाकण ठेवलं. घाई केली नाही. चंद्रप्रकाशने घोट घेतला. या वेळी आठी आली नाही. तो कोवळ्या काकडीबद्दल काहीतरी बोलला, मग वाळलेल्या गवताबद्दल, मग मागाहून येणाऱ्या गोडीबद्दल. खरं बोलत होता. माणसाला चहा कळत होता.

"मासळी?"

"नाही."

"त्या दिवशी?"

त्याने कप खाली ठेवला. "त्या दिवशीही नव्हती," तो म्हणाला.

मग माल घ्यायची गोष्ट निघाली. लाउंजच्या कार्डावर तिचं नाव छापू, तो म्हणाला, रोशनीज फुदिंग व्हाइट, छान वाटेल. फक्त पाकिटावर तो कोळीवाड्याचा पत्ता नको. तुम्ही समजताय ना, गेस्ट लोक विचारतात.

रोशनीने गायवान उचलला आणि फडक्याने बाहेरून पुसायला घेतला.

"पत्ता राहील. पाकिटावर राहील आणि कार्डावरही येईल. चहा मढमध्ये ठेवला जातो, तिथेच भरला जातो. चालत नसेल तर मी घेऊन जाते."

ती पिशवी उघडत असताना तो म्हणाला, बसा. आणि कप पुढे केला.

"दुसरं पाणी घाला."

तिने घातलं. बोंबलाचा डबा मात्र तो कप संपेपर्यंत टेबलावर उघडाच ठेवला.