कादंबरीतला बाप

पौर्णिमानं ती कादंबरी पहिल्यांदा वाचली ती अमरावतीला कॉलेजात असताना. त्यातल्या तुळशीराम लोहाराच्या पोरीचा एक पाय तापानं लुळा पडतो. बाप रोज सकाळी तिची काठी काढून घेतो आणि तिला नदीपर्यंत चालवतो. ती पडते, रडते; तो पुढं चालत राहतो, मागं वळूनसुद्धा पाहत नाही. शेवटी पोरगी चालू लागते, तरी पौर्णिमानं त्या माणसाला माफ केलं नव्हतं. त्याची बाजू घेणाऱ्या मैत्रिणींशी ती भर वर्गात भांडली होती.

आता ती अकोल्यात, जुन्या शहरात राहत होती. नवरा गोपाल शेंदूरजनाघाटहून संत्र्याचा ट्रक घेऊन निघाला की आठवडा-आठवडा घरी नसे. उन्हाळ्यात त्यांच्या बारा वर्षांच्या आचलचा गुडघा स्कूटीवरून पडून मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखा ताठ झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ वाकवावा लागेल. पोरगी ओरडेल, तुम्ही थांबायचं नाही.

कामावर जाण्याआधी आणि आल्यावर पौर्णिमा तो गुडघा वाकवू लागली. आचल किंचाळायची; एकदा तर हाताला चावली. शेजारच्या मैनाबाई दारात येऊन म्हणाल्या, पोरीचे एवढे हाल नको करू. पौर्णिमानं दार लोटून घेतलं. तिचे खांदे भरून यायचे, जेवायचीही इच्छा राहायची नाही. पाय दाबताना ती पोरीच्या तोंडाकडे पाहत नसे. पाहिलं की हात सैल पडायचे. असंच एकदा भिंतीकडे पाहत दाबताना तिला तुळशीराम आठवला.

तिनं वाचनालयातून कादंबरी आणली आणि रोज थोडी थोडी आचलला वाचून दाखवली. बापाचा भाग आला की तिचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. संपल्यावर तिनं विचारलं, बाप कसा वाटला?

"चालवलं ते बरोबरच केलं त्यानं," आचल म्हणाली. "पण पुढं काहून चाले तो? सोबत चालला असता तं?"

"तिचं रडणं त्याले पाहवत नव्हतं."

"हे तिले का मालूम? तिले तं वाटे, याले काईच वाटत नाही."

तुळशीरामला आपण माफ केलं ते थोडंफार स्वतःसाठीच, हे पौर्णिमाला जाणवलं.

संध्याकाळी पाय हातात घेतल्यावर तिनं पोरीकडे पाहिलं. हात सैल पडले, डोळे भरून आले.

"तू काहून रडून राहिली?"

"थकली मी, आचल. तुले दुखवाचं जिवावर येते मह्या. पण करा लागते."

आचलनं पाय पुढं सरकवला. ओरडली मात्र त्या दिवशीही तेवढीच.

दिवाळीपर्यंत ती जिना चढू लागली. मांडी अजून घालता येत नाही, म्हणून व्यायाम चालूच आहे. पौर्णिमा कामावरून येते, हातपाय धुते आणि तिच्यासमोर बसते. दोघींनाही त्याचा कंटाळा आलेला असतो.