विसापैकी अठरा

पिट्सबर्गच्या बालकल्याण कार्यालयात वर्नेटची वीस वर्षं गेली होती. त्या दुपारी शाळा सुटताना शिक्षकांची तक्रार आली, की रोशेल नावाच्या बाईच्या दोन्ही मुली आठवडाभर मळक्या कपड्यांत येताहेत. संगणकाने जुन्या सरकारी नोंदी चाळून मुलींना घरात किती धोका आहे याचा आकडा काढला, विसापैकी अठरा. वर्नेट तशीच निघाली.

तिला दारात बघून रोशेलचा चेहरा पडला. "मुली न्यायला आलात?"

"आधी मला आत तर घे," वर्नेट म्हणाली.

न्हाणीघरात दोघी मुली टबात उभ्या राहून, खिदळत, फेसात कपडे तुडवत होत्या.

"वॉशिंग मशीन बंद पडलंय," रोशेल ओशाळली. "पोरी जीव तोडून धुतात, पण डाग हटत नाहीत."

"मग सरकारदरबारी तुझं नाव एवढ्या ठिकाणी कसं?"

"नवरा गेल्यावर मी मिळेल तिथे मदत मागितली. शिधा, घरभाडं, समुपदेशन. सगळीकडे नाव लिहून घेतलं." आकडा याच नोंदींनी फुगवला होता, हे वर्नेटच्या लक्षात आलं.

वर्नेटने फ्रिज उघडून पाहिला, मुलींशी एकटीने गप्पा मारल्या आणि निर्धास्त होऊन परतली.

"अठरा आकडा असून तू फाईल बंद करतेस?" कार्यालयात तिच्या साहेबांनी विचारलं.

"कुठलं दार ठोठवायचं ते आकड्यानं सांगितलं, साहेब. घर मी पाहून आले. त्या घराला फक्त एक मशीन हवंय."

साहेब हसले आणि त्यांनी मदतनिधीच्या अर्जावर सही केली.

शुक्रवारी मशीन पोहोचलं. वर्नेट बघायला गेली, तेव्हा रोशेलने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.