रावणापुढचा झोतदिवा

मित्रांनो, मी एक जुना झोतदिवा आहे. मला कुणी पत्र्याचा डबा म्हणालं तरी राग येत नाही, कारण मुळात मी खोबरेल तेलाचा डबाच होतो. लालबागच्या एका पत्रेवाल्यानं मला कापलं, ठोकलं आणि माझ्या पोटात मोटारीच्या जुन्या दिव्याची चकचकीत वाटी बसवली. मला करवून घेतलं दत्तारामनं. तो गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा आणि पाळी सुटली की कामगारांच्या नाटकांना प्रकाश द्यायचा. माझ्या उजेडात राजे मेले, सासवा रडल्या. टाळ्या मात्र त्यांनाच मिळाल्या. जगाची रीतच ती.

भोईवाड्यात त्याच्या कोकणातल्या गावच्या मंडळाची खोली होती. संयुक्त महाराष्ट्र मिळणार हे नक्की झालं, तेव्हा मंडळानं ठरवलं की मे महिन्यात रजेवर गेलं की देवळाशेजारच्या खोलीत गावचं छोटं संग्रहालय उघडायचं. जाती, नांगर, टोपल्या, मृदंग असं सामान जमलं. सर्वांत मोलाचा होता रावणाचा लाकडी मुखवटा. शिमग्यातल्या नमन-खेळ्यांत, म्हणजे सोंगांच्या नाचात, तो गावच्याच गिरणी कामगार काशीबाईंचे यजमान लावायचे. ते चळवळीतल्या गोळीबारात गेले आणि मुखवटा काशीबाईंच्या ट्रंकेत राहिला. तो द्यायला त्या कशाबशा तयार झाल्या होत्या.

दत्तारामनं भोईवाड्यातच रंगीत तालीम मांडली. मुखवटा भिंतीला टांगला आणि नाटकात ठेवतात तसं मला समोर, खाली ठेवलं. रावण नुसता डोळे वटारून बघू लागला. मंडळी खूश झाली. काशीबाई मात्र म्हणाल्या, खेळात रावण आला की पोरं भ्यायची आणि लगेच हसायची. मग दत्तारामनं मला वर टांगलं, बाजूला सरकवलं, तोंडाला पिवळा कागद लावला. रावण ठोकळा तो ठोकळाच.

"ह्यो त्यांचा रावण न्हाय," काशीबाई म्हणाल्या. "असाच दिसणार असंल तर मी ट्रंकंत ठेवते."

त्यांनी मुखवटा उतरवायला हात घातला. तेवढ्यात मंडळाचे म्हातारे अध्यक्ष विठोबा यांना आठवलं.

"दत्ताराम, आरं, गावात वीज कुठं हाय?"

कंदिलाच्या उजेडात वाढलेली माणसं, पण मुंबईत बटणाची सवय लागली आणि सगळं मुसळ केरात गेलं.

दत्तारामनं माझी वायर कापली, बल्ब काढला आणि त्या जागी रॉकेलची चिमणी ठेवली. मला फार वाईट वाटलं. विजेचा दिवा होतो, आता चिमणीचा कोनाडा झालो. त्यानं काडी ओढली. ज्योत वाऱ्यानं हलली, वाटीनं ती हालचाल मुखवट्यावर टाकली आणि लाकडी ओठ हलले. रावण चिडला, हसला, पुन्हा चिडला. खेळे मशालींच्या उजेडात नाचायचे, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"न्या," एवढंच काशीबाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी गावात आहे. उद्घाटनाला गर्दी लोटली, पुढे लोक विसरले. काशीबाई दर मे महिन्यात येतात. एका वर्षी माझी वाटी काजळीनं भरली होती आणि रावण पुन्हा ठोकळा दिसत होता. त्या खाली बसल्या आणि पदरानं वाटी घासत राहिल्या. चिमणी लागली, रावण हसला. तसा त्यांनी तो काळा झालेला पदर चटकन डोक्यावर घेतला, घरधनी दारात आल्यावर घेत असत तसा.

म्हणून सांगतो, मित्रांनो, माझी वाटी वेळच्या वेळी पुसत जा. गिरणीतून रजा काढून त्या इतक्या लांब येतात.